तीन पत्ते काढा आणि बसा

"सॉल्व्हर म्हणतो म्हणून." पाच कागद, पाच वळणांची अक्षरं आणि उत्तर हे एकच. एकाने तर 'सॉल्व्हर'चं स्पेलिंगही शेजाऱ्याचं पाहून लिहिलंय, खोडलेलं दिसतं.

प्रश्न पोकरचा आणि साधा होता. फ्लॉपवर, म्हणजे मधे उघडलेल्या तीन पत्त्यांत, बदाम राजा, किलवर सत्ती, चौकट दुर्री. बटनवर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवर, बसलेल्याने आधी रेझ केलेलं, बिग ब्लाइंडवाल्याने, म्हणजे सक्तीची मोठी रक्कम आधीच ठेवलेल्याने, नुसतं कॉल केलेलं. आता बटनवाला पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची लहानशी बेट जवळजवळ कुठल्याही पत्त्यांवर टाकतो. का टाकतो? दहा ओळी मागितल्या होत्या. तुम्ही तीन शब्द दिले, आणि त्या तीन शब्दांत कारण नाहीच. ती साक्ष झाली, तीही ऐकीव.

तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा आर्वीवाला छाती फुगवून म्हणाला होता, "सर, हा जुगार नाही, गणित आहे." मान्य. गणितच आहे, म्हणून तर चिडलोय. जुगार असता तर तुमच्या घरी फोन लावून मोकळा झालो असतो. पण पोट्टे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, संभाव्यता शिकून झालीय, लॅपटॉपवर सॉल्व्हर, म्हणजे डावातली सर्वोत्तम चाल काढून देणारं असं यंत्र आहे की ज्यासाठी वीस वर्षांपूर्वीच्या गणितज्ञाने हात जोडले असते, आणि त्या यंत्राचा उपयोग काय, तर दहावीत 'अपेक्षित प्रश्नसंच' जसा पाठ केला तसे फ्लॉप पाठ करायचे! अपेक्षितमधला प्रश्न आकडे बदलून आला की तुम्ही पेपर कोरा सोडत होतात. इथेही तेच करून राहिलात. फरक एवढाच की तिथे गुण जात होते.

पाठ करून करून किती करणार? हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोड्या 1,326. फ्लॉप 22,100, त्यातले रंगांची अदलाबदल करून सारखेच दिसणारे वगळले तरी 1,755 उरतात. प्रत्येकावर टर्न म्हणजे चौथा पत्ता, त्यावर रिव्हर म्हणजे पाचवा, मधे चेक-बेट-रेझच्या फांद्या. पुलगाववाल्याने चाळीस फ्लॉप पाठ केलेत असं तो अभिमानाने सांगत होता. उरलेले कोण करणार, तुझा रूममेट?

आता मूळ प्रश्नाचं उत्तर ऐका, आणि वही उघडा. मोबाइलवर फोटो काढू नका, लिहा.

फ्लॉप पडायच्या आधी काय झालं? बिग ब्लाइंडवाल्याकडे दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा असता तर तो कॉल करून गप्प बसला असता का? त्याने उलट रेझ केलं असतं. केलं नाही, म्हणजे हे पत्ते त्याच्याकडे बहुधा नाहीत. बटनवाल्याकडे मात्र ते सगळे असू शकतात. म्हणजे राजा पडला त्या क्षणी ताकदीचं पारडं एका बाजूला झुकलं, फ्लॉपनंतर अजून कोणी एक रुपयाही टाकलेला नसताना. त्यात हा फ्लॉप कोरडा. तिन्ही पत्ते वेगळ्या रंगांचे, एकमेकांपासून लांब, फ्लशची आशा नाही, सिक्वेन्सची नाही. समोरच्याच्या हातात गुलाम-नव्वी किंवा दश्शी-अठ्ठी असेल तर त्याने कशाला धरून बसायचं? शंभराच्या पॉटवर तेहतीसची बेट टाकली तर चारांत एकदा जरी त्याने पत्ते टाकले तरी बेट फुकट जात नाही. तो त्याहून बराच जास्त वेळा टाकतो. मग मोठी बेट कशाला? जे तेहतिसात होतं त्याला पंचाहत्तर काहून घालायचे? झाल्या दहा ओळी. यात कुठे यंत्र लागलं?

आणि आता हे कारण तुमच्या हातात आहे, तर पुढचा प्रश्नही तुम्हालाच सोडवता यायला हवा. हिंगणघाटवाल्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या काकांची बैठक बसते ना? आपल्याकडे पोळ्याला ताशपत्ते निघतातच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोलिसांच्या धाडीच्या बातम्याही निघतात. तर त्या बैठकीतले काका एक्का-राजा आला तरी रेझ करत नाहीत, दबा धरून बसतात. आणि एकदा पैसे घातले की सत्तीच्या जोडीवरसुद्धा शेवटपर्यंत उठत नाहीत. मग राजा-सत्ती-दुर्रीवर तुझा तो तिसरा हिस्सा चालेल का? नाही चालणार. ज्या दोन गोष्टींवर ती बेट उभी होती त्या दोन्ही गेल्या. समोरच्याकडे मोठा राजा नाही, हे खरं राहिलं नाही. तो पत्ते टाकेल, हेही खरं राहिलं नाही. तिथे खोट्या बेटी बंद करायच्या, आणि चांगला हात आला की बेट मोठी करायची. हे तुझ्या सॉल्व्हरच्या चार्टमध्ये कुठल्या रंगात छापलंय, दाखव बरं.

सॉल्व्हरने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. तो खोटं बोलूच शकत नाही. त्याला जो प्रश्न घातला त्याचं उत्तर तो देतो. तुम्हाला तो प्रश्नच ठाऊक नाही, दुखणं ते आहे. 2015 मध्ये पायोसॉल्व्हर नावाचं यंत्र बाजारात आलं तेव्हापासून ही यंत्रं घरच्या कॉम्प्युटरवर चालतात. पण चालवण्याआधी त्याला काय काय भरून द्यावं लागतं? दोन्ही खेळाडूंच्या रेंजा, म्हणजे कोण कुठले पत्ते घेऊन इथवर पोचला. पॉट केवढा, मागे स्टॅक केवढा. कुठल्या मापाच्या बेटी मारायला मुभा आहे. रेक, म्हणजे खेळवणाऱ्याचा वाटा, किती कापला जातो. आणि उत्तर किती बारकाईने हवं, म्हणजे पॉटच्या किती टक्के चूक चालेल. यातलं एक जरी बदललं तरी उत्तर बदलतं. तुम्ही यातलं काय भरलंत? काहीच नाही. कुणीतरी परदेशात बसून आपल्या टेबलासाठी भरलेली फाइल तुम्ही उतरवून घेतली आणि रंगीत चौकोन बघत बसलात. हिरवं म्हणजे चेक, लाल म्हणजे बेट. सिग्नलवर उभं राहायला इंजिनिअर लागत नाही.

शिवाय ते यंत्र फ्लॉपनंतर दोनच खेळाडूंचं गणित मांडतं. तुमच्या हॉस्टेलच्या गादीवर सहा जण बसतात आणि फ्लॉप बघायला चार जण थांबतात. दोघांच्या खेळात, जिथे एकाचं जातं तेवढंच दुसऱ्याला मिळतं, तिथे समतोलाच्या खेळाची, म्हणजे ज्यातून एकट्याने चाल बदलून कोणालाच फायदा नाही अशा खेळाची, हमी असते की जागा आळीपाळीने बदलत राहिलात तर तुम्ही सरासरीने हरणार नाही. तिसरा माणूस बसला की ती हमी संपते. दोघेच असले तरी मधून रेक कापणारा बसला की तीही हमी राहत नाही. ही अट कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असते. पण पहिलं पान वाचायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलंच नसावं.

पुलगाववाल्या, तुझं आणखी एक बघितलं. पत्ते हातात धरून तू मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा बघत होतास. विचारलं तर म्हणालास, "सर, इथे सॉल्व्हर 62 टक्के चेक आणि 38 टक्के बेट करतो, म्हणून काटा बघून ठरवतो." मोठमोठे खेळाडू असं करतात, खरं आहे. पण तू त्या आकड्यांच्या शेजारचा रकाना वाचलास का? चेकची सरासरी कमाई आणि बेटीची सरासरी कमाई तिथे सारखीच होती. यंत्र एकाच हाताने दोन गोष्टी करतं, याचाच अर्थ तिथे दोन्हींची किंमत सारखी आहे. नसती तर त्याने स्वस्तातली केव्हाच सोडून दिली असती. मग 62 आणि 38 कशासाठी? समोरच्याला तुमची खोड सापडू नये यासाठी. समोर जर असा माणूस असेल जो तुमची खोड शोधतच नाही, स्वतःच्या पत्त्यांपलीकडे ज्याची नजर जात नाही, तर त्या सेकंदकाट्याचा उपयोग वेळ बघण्यापुरताच. आणि जिथे दोन रकान्यांत खरोखर फरक होता, जिथे कॉल करणं साफ तोट्याचं होतं, तिथे तू काटा न बघता कॉल केलास. कारण काय, तर "सर, वाटलं."

या गावात बसून मला तुम्हाला हे सांगावं लागतंय याचाही राग आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली ती वर्ध्यात. हाताने करून शिकायचं, सूत कातायचं तर त्याचा हिशेबही पोराने स्वतः मांडायचा, ही योजना देशभर वर्ध्याच्या नावाने ओळखली गेली. त्या योजनेचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, त्यावर बोलायला लागलो तर रात्र होईल. पण हाताने करण्याचा नियम मी माझ्या ओसरीवर अजून चालवतो, आणि तुम्हालाही चालवावा लागेल.

म्हणून लॅपटॉप बंद करा. बावन्न पत्त्यांतून फक्त तीन काढा: राजा, राणी, गुलाम. हॅरोल्ड कून नावाच्या गणितज्ञाने 1950 मध्ये हा खेळ मांडला. अख्ख्या पोकरचा सांगाडा यात आहे. दोघे खेळाडू, दोघांनी एकेक रुपया मधे ठेवायचा, एकेक पत्ता घ्यायचा, तिसरा उपडा राहू द्यायचा. पहिला चेक करेल किंवा एक रुपयाची बेट टाकेल. बेट आली की समोरच्याने कॉल करायचं नाहीतर पत्ता टाकायचा. पहिल्याने चेक केलं तर दुसऱ्यालाही बेट टाकता येते. बस्स, एवढाच खेळ.

समजा तुम्ही दुसरे आहात, पहिल्याने चेक केलं आणि तुमच्या हातात गुलाम आहे. पत्ते उघडले तर गुलाम कधीच जिंकत नाही. जिंकायचा मार्ग एकच, खोटी बेट. किती वेळा टाकायची? दरवेळी टाकली तर समोरचा राणी घेऊन हसत कॉल करेल. कधीच टाकली नाही तर तुमची बेट म्हणजे राजाच, हे त्याला कळेल, तो राणी टाकून देईल आणि तुमच्या राजाला कोणी दाम देणार नाही. आता त्याच्या जागी बसून बघा. त्याच्या हातात राणी, मधे दोन रुपये, तुमचा एक, म्हणजे तीन. त्याला एक रुपया घालून तीन मिळवायचेत, तर चारांत एकदा तो बरोबर असला तरी कॉल त्याला परवडतो. तुमच्याकडे राजा असला तर तुम्ही नेहमीच बेट टाकता. गुलामावर तीनांत एकदा टाकली, तर तीन राजांमागे एक गुलाम, चारांत एक. बरोबर काठावर. त्याने कॉल केलं काय, टाकलं काय, त्याच्यासाठी सारखंच. यंत्र आठवडाभर चाललं तरी याहून वेगळं सांगणार नाही. एक तृतीयांश. पेन्सिलीने आलं की नाही?

उलट बाजूनेही करा. पहिल्याने बेट टाकली, तुमच्या हातात राणी. कॉल किती वेळा? पुन्हा तीनांत एकदा. पहिल्याचा गुलाम बेट टाको वा चेक करो, सरासरी सारखीच येईल, असा आकडा शोधा, हाच निघेल. पहिला मात्र थोडा बदलू शकतो: गुलामावर शून्यापासून तीनांत एकदापर्यंत कितीही वेळा खोटी बेट टाकावी, अट ही की राजावर त्याच्या तिप्पट वेळा टाकावी. आणि हे सगळं चोख करूनही पहिल्या खेळाडूला डावामागे सरासरी एका रुपयाचा अठरावा हिस्सा तोटाच होतो, कारण तो आधी बोलतो. बसण्याच्या जागेला किंमत असते म्हणतात ती हीच. बटनवर बसायला खेळाडू का धडपडतो हे तुम्हाला आता आकड्यात कळलं. चार्टमध्ये ते आधीपासून होतं, पण तुम्हाला ते दिसत नव्हतं.

आपल्याच मुलखातली एक गोष्ट सांगतो, तुम्ही मालिकेतसुद्धा बघितली नसेल. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर म्हणून ठाऊक असेल. दमयंतीचं माहेर विदर्भातलं कुंडिनपूर ते हेच मानतात. तिचा नवरा नळ राजा भाऊ पुष्कराशी फाशांत राज्य हरला. लंगोटीवर आला, रानात बायकोला टाकून गेला, पुढे वेषांतर करून अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी पोचली आणि ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला, रथ नळच हाकतोय. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णाने चालत्या रथातून नजर टाकली आणि सांगून टाकलं, या दोन फांद्यांवर 2,095 फळं आहेत. महाभारताच्या वनपर्वात हा आकडा आहे. पानांचाही आहे, पण तो कोटींत आहे, सोडा.

नळाने काय केलं? "राजा म्हणतो म्हणून" म्हणाला? नाही. त्याने रथ थांबवला. राजा घाई करतोय, स्वयंवर चुकेल म्हणून कासावीस झालाय, आणि हा सारथी म्हणतो, मोजल्याशिवाय मी हलत नाही. झाड पाडून फळं मोजली. तेवढीच भरली. मग विचारलं, ही विद्या कोणती, मला दे, बदल्यात माझी घोड्यांची विद्या घे. अशी त्याला फाशांची विद्या मिळाली, आणि त्याच विद्येवर त्याने पुष्कराकडून राज्य परत जिंकलं. झाडाची एक-दोन फांदी पाहून सगळ्याचा अंदाज बांधायचा, हा सांख्यिकीतला नमुन्याचा विचार या कथेत दिसतो, असं इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या पुस्तकात लिहिलंय. कॅनडातला माणूस नळ-दमयंती वाचतो आणि आर्वीवाला रंगीत चौकोन वाचतो. चालायचंच.

आता, ही यंत्रं बनवली कोणी आणि कशी, तेही तुम्हाला ठाऊक नाही. फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये दोघांच्या खेळाचं मूळ प्रमेय सिद्ध केलं आणि 1944 च्या ग्रंथात पोकरवर एक अख्खा भागच लिहिला. खोटी बेट हा लबाडीचा नव्हे तर हिशेबाचा भाग आहे हे तिथे मांडलंय. 2007 मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी आज बहुतेक यंत्रं ज्यावर चालतात ती रीत प्रसिद्ध केली. यंत्र स्वतःशीच खेळतं. प्रत्येक डावानंतर बघतं की इथे दुसरं काही केलं असतं तर किती जास्त मिळालं असतं. ती तूट जमा करत जातं आणि पुढच्या वेळी ज्याची तूट जास्त तिकडे जास्त वेळा वळतं. कोट्यवधी डावांनंतर त्याची सरासरी चाल समतोलाला टेकते. 2015 च्या जानेवारीत त्याच विद्यापीठाने दोघांचा, बेटीच्या ठरीव मापांचा होल्डेम पोकर जवळजवळ पूर्ण सुटल्याचं जाहीर केलं. त्यासाठी हजारो प्रोसेसर दोन महिन्यांहून जास्त चालले होते. 2017 मध्ये लिब्रेटस नावाच्या यंत्राने पिट्सबर्गमध्ये चार नामी खेळाडूंना वीस दिवस आणि 1,20,000 डाव खेळून धूळ चारली. गंमत बघा, रोज रात्री ते यंत्र त्या दिवशी आपल्यात सापडलेली भोकं बुजवत बसायचं. तुम्ही डाव हरल्यावर रात्री काय करता? चहाच्या टपरीवर जाऊन नशिबाने हरलेल्या डावाची 'बॅड बीट' सांगता.

बरं, पैशाचं. याच्यावर मी एकदाच बोलणार.

22 ऑगस्ट 2025 रोजी ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यात मनाई. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पोकरबाझीसारख्यांनी पैशांचे डाव बंद केले. त्याआधी कोर्टात कौशल्य की नशीब हा वाद चालूच होता: 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला तो मान दिला नाही. महाराष्ट्राने कॅसिनोसाठी 1976 मध्ये केलेला कायदा कधी वापरलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. त्या 2025 च्याच जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर पत्त्यांचा खेळ चालल्याचा व्हिडिओ गाजला. त्यांनी आरोप नाकारला, पण शेतीचं खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. खेळाचंच खातं मिळालं म्हणून तुम्ही मागे बसून फिसकन हसलात, ते मी ऐकलं.

तुम्ही म्हणता, खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. वाचलंय म्हणजे थोडं. मग हेही वाचा: 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. व्हॉट्सअॅपवर 'चिप्स' विकणारा जो एजंट तुमच्यापैकी दोघांच्या फोनमध्ये आहे (नाव सांगू नका, मला नको) त्याने उद्या नंबर बंद केला तर कुठे जाल? 2023 च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने बनावट बेटिंग अॅपवर 58 कोटी गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी गोंदियातल्या घरावर धाड घातली, ते सगळं तुमच्या गावच्या पेपरात पहिल्या पानावर होतं. तिथे पत्ते पिसणारं यंत्र कोणाचं होतं? खेळवणाऱ्याचंच. तुम्ही समतोलाचा खेळ खेळा नाहीतर शीर्षासन करा, पत्ते ज्याच्या हातात त्याच्याशी संभाव्यता कसली मांडता?

गोव्याला जाऊ म्हणतोय आर्वीवाला. मांडवीतल्या जहाजांवर कायद्याने खेळता येतं, वय एकवीस लागतं. जा ना. पण आधी हा हिशेब कर. पन्नास-शंभरच्या ब्लाइंडच्या टेबलावर शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसायचं म्हणजे दहा हजार रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110. तुझ्या बापाचा सव्वा क्विंटल कापूस तू एका खुर्चीवर ठेवतोस, आणि तो एका हातात जाऊ शकतो, चूक न करतासुद्धा. समजा तू खरोखर चांगला आहेस, शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतोस. फार कमी लोक कमावतात. शंभर डावांचं प्रमाण विचलन साधारण नव्वद धरू. दहा हजार डावांनी तुझी अपेक्षित कमाई पाचशे बिग ब्लाइंड, आणि प्रमाण विचलन नऊशे. सूत्र तुम्हाला येतं, नऊशे कुठून आले ते स्वतः काढा. म्हणजे दहा हजार डाव खेळूनही, खरा जिंकणारा खेळाडू असूनही, दहांत जवळजवळ तीन वेळा तू तोट्यात असशील. कॅसिनोत तासाला तीस-एक डाव होतात. दहा हजार डाव म्हणजे तीनशेहून जास्त तास. आणि तू शनिवार-रविवारच्या ट्रिपवरून परत येऊन मला सांगणार की "सर, सॉल्व्हर चालतो" किंवा "सर, सॉल्व्हर चालत नाही." दोन्हींतलं एकही बोलायचा तुला अधिकार नाही. ते फक्त गोंधळाचं माप असेल.

मी पत्त्यांचा शत्रू नाही. कोझिकोडच्या आयआयएमने पोकरवरून व्यूहरचना शिकवणारा विषय ठेवला, अमेरिकेतल्या एमआयटीने पोकरच्या सिद्धांतावरची व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली केली. ती फुकट आहेत, एजंट लागत नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं हा विषय माझ्या तरुणपणी मला कोणी असा हातात पत्ते देऊन शिकवला असता तर मी कधीच ओसरीवरून उठलो नसतो. म्हणून तुम्हाला हाकलत नाही. पण या ओसरीवर काड्यापेटीच्या काड्या लावून खेळायचं. ज्याच्या खिशातून रुपया निघाला तो गेटच्या बाहेर, आणि पुन्हा परत नाही. लॅपटॉप आणायचा तो शेवटी, उत्तर पडताळायला. सॉल्व्हर उघडण्याआधी कागदावर आपला अंदाज लिहायचा: इथे कोणाकडे काय असू शकतं, बेट केवढी असावी, का. मग यंत्र चालवायचं. चुकलं तर आपल्या भरलेल्या रेंजेत चुकलं की विचारात, ते शोधायचं. नंतर समोरच्याची एक चाल मुद्दाम बिघडवून, त्याला काकांसारखं हट्टी करून, यंत्र पुन्हा चालवायचं आणि आपल्या कुठल्या बेटी गळाल्या, कुठल्या वाढल्या त्याची नोंद करायची. एका फ्लॉपला एक संध्याकाळ गेली तरी चालेल. चाळीस पाठ करण्यापेक्षा तो एक तुमचा होईल.

सोमवारचा अभ्यास. तोच कूनचा खेळ, तेच तीन पत्ते, मधे तेच दोन रुपये. फक्त बेट एक रुपयाऐवजी दोन रुपयांची. पहिल्याने बेट टाकली, तुमच्या हातात राणी: किती वेळा कॉल कराल? पॉटएवढ्या बेटीपुढे निम्म्या वेळा टिकून राहायचं, हा नियम तुमच्या चार्टखाली मोठ्या अक्षरांत छापलेला आहे, मला माहीत आहे. जो तो वाचून 'निम्म्या वेळा' असं लिहून आणेल त्याने त्याच कागदाच्या मागे लिहून आणावं की त्या निम्म्यांत राजा कुठे गेला. पेन्सिलीने. आणि शेजाऱ्याचं न पाहता.